वर्षाच्या आत

९ ऑगस्ट, नागपंचमी

हे गेल्यानंतरचा पहिला सण. सकाळपासून गल्लीतल्या आणि भावकीतल्या बायका भेटायला येत होत्या. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं काहीतरी होतं. पुरणाची दिंडं, भात, कढी. धाकटी जाऊ प्रियांका तर मोठा डबा भरून घेऊन आली.

शेजारच्या सुलाबाई पायरीवर बसून म्हणाल्या, "हे बग राजेश्री, वर्षभर ह्या घरात सणाची कढई चढायची न्हाई. गोड न्हाई, तळण न्हाई, नवं लुगडं न्हाई. सणाचं काय लागंल ते आमी आणू. तू फकस्त भागवतच्या फोटोम्होरं दिवा लाव."

मी मान हलवली. बायका गेल्यावर सृष्टी आणि मी जेवायला बसलो. दोघींनी पोटभर खाल्लं. उरलेली दिंडं मी ओल्या फडक्यात गुंडाळून उद्यासाठी ठेवली.

२४ ऑगस्ट

सृष्टी लातूरला गेली. मागच्या वेळी नीटमध्ये तिला थोडेच गुण कमी पडले. पुन्हा एकदा बसू दे, हे ह्यांचंच म्हणणं होतं. मंडपाचा धंदा जोरात होता तेव्हा ह्यांनी घरावर दुसरा मजला घ्यायला सुरुवात केली. खाली सृष्टीचा दवाखाना, वर आपण, असं वालूरमध्ये भेटेल त्याला सांगत. समोरच्या भिंतीला फरशी बसली, मागे पत्रेच राहिले. मग सेलू रोडला मोठी मंगल कार्यालयं झाली आणि गावातले लोक लग्नं तिकडे करायला लागले. ह्यांनी आधी बांबू विकले, मग कापड, मग जनरेटर. नवीन माल आणायचा आहे म्हणून जुना काढला, असं गावात सांगितलं. जे उरलं होतं त्यातून एका बारशाचा मंडप घातला. तो उतरवतानाच छातीत कळ आली.

रस्त्यावरून बघणाऱ्याला आमचं घर अजून बंगलाच वाटतं.

क्लासच्या सरांनी वडील गेल्याचं ऐकून फी माफ केली, असं सृष्टी म्हणाली. देव भलं करो त्यांचं. राहण्याजेवणाचं मी बघते म्हटलं. मंडपाची भांडी भाड्याने जातात, त्यात भागतं, असं तिला सांगितलं आहे. भांडी मागच्याच आठवड्यात मानवतच्या एका माणसाने विकत नेली.

३ सप्टेंबर

गणपतीच्या वर्गणीला पोरं आली. मी आत डब्यात हात घालून उभी होते. बाहेर एकजण दुसऱ्याला म्हणाला, "आरं चल, काकूकडं दुखवटा हाय. कामून तरास देतो?" पोरं निघून गेली. मी हात तसाच डब्यात ठेवून उभी राहिले.

दिवसभर तेच डोक्यात आहे. वर्षभर कोणाच्या लग्नाला जायचं नाही, म्हणजे आहेर नाही. हळदीकुंकू नाही. दिवाळीला कपडे नाहीत. तीच साडी पुन्हा का, असं कोणी विचारणार नाही. नजरेला आलंच तर म्हणतील, बिचारी. ह्यांनी जाता जाता माझ्या अंगावर पांघरूण घातलं असं वाटलं.

हे वाक्य आता वाचून वाईट वाटतं. पण खोडत नाही.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावस्या

धाकटे दीर भुजंगभाऊजी चार दिवसांपूर्वी ज्वारीचं पोतं घेऊन आले होते. त्यांचं खताचं दुकान आहे, गावात वजन आहे. तेव्हा सुलाबाई आणि आणखी दोघी दारातच उभ्या होत्या. भाऊजींनी पोतं ओसरीत टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, दादाच्या नावानं आणलंय. ठिवून घ्या." चहासुद्धा न घेता गेले.

ह्यांच्या नावानं म्हणजे दानासाठी. आज अमावस्या म्हणून मी पोतं रिक्षात घालून मठात देऊन आले. महाराजांनी माईकवर ह्यांचं नाव घेतलं. सुलाबाई म्हणाल्या, "हात मोठा हाय बाई तुजा. माणूस गेलं तरी घराची रीत सोडली न्हाई."

भाऊजींना सांगितलं तर ते बघतच राहिले.

"सगळं दिलं?"

"सगळं. दानातलं मागं कसं ठेवायचं?"

"तसं न्हाई वैनी, मी मनलं…" मग टोपी काढून पुन्हा घातली. "बरं केलं."

मठात त्यांनाही सोबत न्यायला हवं होतं. पोतं त्यांचं आणि नाव माझं झालं, म्हणून वाईट वाटलं असेल.

ज्वारीचं पीठ संपलं आहे. उद्या बघू.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

सृष्टी दोन दिवस येऊन गेली. बारीक झाली आहे. अभ्यास आहे, म्हणाली. मनगटावर भाजल्याचे डाग दिसले. हॉस्टेलचा पाण्याचा हीटर खराब आहे म्हणे. मालकाला सांग, असं मी बजावलं.

काल सकाळी मी अंघोळीहून येईपर्यंत तिने सगळ्या पोळ्या लाटून ठेवल्या होत्या. पातळ, एकसारख्या. पूर्वी तिची पोळी बघून हे म्हणायचे, हा परभणी जिल्ह्याचा नकाशा झाला. मी विचारलं, कुठे शिकलीस? "मेस चालवतात त्या बायनाबाईंचं बघून बघून," म्हणाली. मला बरं वाटलं. डॉक्टर झाली तरी स्वयंपाकात मागे राहायला नको.

दुपारी बसल्या जागी तिला झोप लागली. पुस्तकं पिशवीतून बाहेर आली नाहीत. म्हटलं, दोन दिवस तरी डोक्याला विश्रांती.

जाताना तिने पैसे घेतले नाहीत. "स्कॉलरशिप मिळायलीय आई, ठेव तुझ्याकडं." हुशार मुलांना क्लासवाले देतात. तिला भांड्यांच्या ऑर्डरबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. ती हो हो म्हणाली.

१९ नोव्हेंबर

दिवाळीपासून सेलूच्या एका जिनिंगमध्ये जाते. कापसातला काडीकचरा वेचायचा. सगळ्याच बायका तोंडाला स्कार्फ बांधतात, त्यामुळे ओळख पटत नाही. गावात सांगते की तहसीलचं काम आहे, बँकेचं आहे. नवरा गेलेल्या बाईला कागदपत्रांची इतकी कामं असतात की कोणी संशय घेत नाही.

आज सुलाबाईंनी माझ्या केसातून कापूस काढला.

"हे काय गं?"

"वाती करायलेय. ह्यांच्यासाठी."

"किती?"

तोंडातून निघून गेलं, "लाख."

झालं. त्यांनी गल्लीभर सांगितलं. राजेश्रीने नवऱ्यासाठी लाख वातींचा नेम धरला आहे. संध्याकाळी दोघी मदतीला येऊन बसल्या. उद्या आणखी येणार आहेत. चहा ठेवू का म्हटलं तर एक म्हणाली, "नगं बाई, दुःखाच्या घरचं." तेवढं वाचलं. पण कापूस मलाच पुरवायचा आहे. म्हणून जिनिंगमधून पदराखाली थोडा थोडा आणते. दिवसभर तिथे कापूस, संध्याकाळी इथे कापूस. जन्मात कोणाची काडी उचलली नाही, आणि आता नवऱ्याच्या पुण्यासाठी चोरी करते आहे.

११ डिसेंबर

शेजारी वास जावा म्हणून संध्याकाळी मोहरीची फोडणी तेवढी करत होते. त्यात पाणी आणि मीठ. आज तेलही नाही.

१६ जानेवारी

भाऊजी झरीच्या व्यंकटरावांना घेऊन आले. चांगलं शेतीवाडीचं घर. मुलगा योगीराज कृषी खात्यात नोकरीला आहे. ह्यांच्या तेराव्याला ते आले होते, तेव्हा त्यांनी सृष्टीला पाहिलं.

व्यंकटराव म्हणाले, "एवढ्या माणसाला पाणी दिलं पोरीनं, पर एकदा तोंड वाकडं केलं न्हाई. आमाला काई नगं. नारळ द्या अन् पोरगी द्या."

"ती डॉक्टरकीचा अभ्यास करायलीय," मी म्हटलं.

"शिकू द्या की. आमी कुठं न्हाई मनतो? लग्नानंतरबी शिकतेत पोरी."

ह्यावर भाऊजी हसले. मग मला म्हणाले, "वैनी, वर्षाच्या आत उरकलं तर उरकलं. वर्ष उलटलं की मंग तीन वर्षं घरात कार्य करता येत न्हाई. तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक आहे. पंचमीपासून मी त्याचाच विचार करते आहे. आषाढात वर्ष पूर्ण होईल. एकदा ते उलटलं की तीन वर्षं सृष्टीच्या लग्नाचं नाव कोणालाच काढता येणार नाही, भाऊजींनाही नाही. तोपर्यंत ती कॉलेजात पक्की बसेल. मला फक्त आषाढापर्यंत नको म्हणत राहायचं आहे.

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "त्यांची राख अजून गार झाली नाही, भाऊजी. माझ्याच्याने वर्षाच्या आत व्हायचं नाही. घरात दुखवटा आहे तोवर अक्षता पडणार नाहीत."

व्यंकटरावांनी हात जोडले. "बाईचं काळीज हाय. आमी जोर करत न्हाई. पर डोक्यात असू द्या."

ते गेल्यावर मी फोटोपुढे दिवा लावला. फोटोकडे बघितलं नाही.

२ मार्च

भावकीतल्या एका म्हातारबांनी चारचौघांत माझं उदाहरण दिलं म्हणे. सून असावी तर भागवतची. सृष्टीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू जेवतेस ना गं?"

जेवते म्हटलं. तू? तीही जेवते म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. सारखा मेसमध्येच असते, असं मी चिडवलं. हसली.

१२ एप्रिल

जिनिंग बंद झालं. आता सेलू रोडच्या एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जाते. ज्यांच्यामुळे आमचा धंदा बसला त्यांतलंच एक. दुसरं काम मिळालं नाही.

आज एका पातेल्यावर ह्यांचं नाव कोरलेलं निघालं. 'भागवत मंडप, वालूर.' मानवतच्या माणसाने पुढे विकलं असेल. मी ते इतर पातेल्यांसारखंच घासलं. कामावर लक्ष ठेवणारी बाई बघत होती.

परतताना भाऊजी फाट्यावर भेटले. मोटरसायकल थांबवून म्हणाले, "वैनी, लय वाळल्या तुमी."

"दुःख आहे, भाऊजी."

"दुःखानं माणूस वाळतंय. उन्हानं रापल्यावानी काळं पडत न्हाई." मग गाडीचा आरसा बोटाने पुसला. "दादा असता तर त्यानं मला हाणलं असतं. मला काई करू द्या वैनी. कायबी."

मी म्हटलं, तुमच्या आशीर्वादाने सगळं व्यवस्थित आहे. ते वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत, हे नंतर लक्षात आलं.

४ मे

आज सृष्टीची परीक्षा होती. संध्याकाळी फोन आला. "गेला पेपर." कसा गेला विचारलं, तर म्हणाली बरा. किती येतील? "बघू आई." परीक्षेनंतर मुलं अशीच दमलेली असतात. मी देवापुढे साखर ठेवली.

१० मे

आज कार्यालयात मोठं लग्न होतं. वरात रस्त्यात आडवी झाली, डीजेपुढे नाचणारे हटेनात, आणि सेलूहून येणारी एस.टी. बराच वेळ कार्यालयाच्या मागच्या अंगाला अडकून पडली. लोक खिडक्यांतून बघत होते. आम्ही भांडी घासतो ती जागा तिथून उघडी दिसते. उकाड्याने मी स्कार्फ खाली केला होता. तो घाईने वर घेतला आणि पाठ फिरवली. रोजच्या गाड्यांना हेच करते.

घरी आले तर सृष्टी आलेली. सगळं सामान घेऊन. त्याच गाडीने आली म्हणे.

"मग लय अडकली असशील गं वरातीत."

"मी झोपले होते."

तिने माझ्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं. तहसीलला फार मोठी रांग होती, असं मी सांगितलं. "हो," म्हणाली. जेवण झाल्यावर माझे हात मांडीवर घेऊन तिने खोबरेल लावलं. बोट न् बोट चोळत होती. अभ्यास करणाऱ्या मुलीचे हात, पण माझ्याहून खरखरीत लागले. लातूरचं पाणी जड आहे.

१३ मे

सृष्टी मला न विचारता भाऊजींच्या दुकानात गेली आणि झरीच्या मुलाला होकार देऊन आली.

मला आधी खरंच वाटलं नाही. निकाल तरी लागू दे, म्हटलं.

"निकाल मला माहितीय आई."

"कसा माहीत? आणि नाही तर नाही, पुन्हा बसशील. आता थोडेच दिवस राहिलेत. वर्ष उलटलं की तीन वर्षं तुला कोणी हात लावत नाही. मी सगळं जुळवून आणलंय."

"ते कळायलंय मला. म्हणूनच आत करायचं."

मी खूप बोलले. एवढी कधीच बोलले नव्हते. वडिलांनी दवाखान्यासाठी भिंतीला फरशी लावली तेही बोलले. ती खाली बघून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तू आता घरी राहशील ना आई? सकाळची गाडी नको धरू. घरीच राहा."

ह्याचा लग्नाशी काय संबंध, मला कळलं नाही. मुलगा नोकरीवाला, दिसायला बरा. कोणी फोन नंबर दिला असेल, बोलणं झालं असेल. ह्या वयात मन फिरायला वेळ लागत नाही. पण वडिलांचं स्वप्न इतक्या लवकर सोडता येतं, हे मला माहीत नव्हतं. मी आज तिच्याशी बोलले नाही. तिने वाढलेलं ताट तसंच ठेवलं.

१८ मे

भाऊजी गुरुजींना घेऊन आले. मी शेवटचं तेच धरून बसले. चारचौघांत बोलून बसले आहे, वर्ष होईपर्यंत ह्या घरात कार्य होणार नाही. आषाढ येईपर्यंत मुहूर्त संपतील, मग बघू.

गुरुजी विड्याचं पान लावत म्हणाले, "त्याला उपाय आहे, बाई. मंगल कार्य असेल तर वर्षश्राद्ध ओढून आधी करतात. एकदा ते झालं की वर्ष झालं. दुखवटा संपला. आणि खरे बारा महिने उलटलेले नसतात, म्हणून तीन वर्षांची आडकाठीही लागत नाही."

"असं चालतं?"

"कित्येक घरी करतात."

मला हे माहीतच नव्हतं. वर्ष माझ्या हातात आहे असं मी धरून चालले होते. ते कोणीही ओढून घेऊ शकतं.

गुरुजी बाहेर गेल्यावर भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "सगळं माज्याकडं, वैनी. श्राद्धाचंबी अन् लग्नाचंबी. ह्या बारीला तरी मला करू द्या. तुमाला देयाचं मनलं तर तुमी घेत न्हाई, मंग आता मी काय करू?"

मला कधी काय दिलं त्यांनी, आठवेना. सृष्टी चहा घेऊन आली. मुहूर्त पाच जूनचा धरला. निकाल त्याच्यानंतर आहे.

२६ मे

आज वर्ष केलं. पिंडदान झालं, जेवणावळ झाली. भाऊजींनी काही कमी पडू दिलं नाही. गावात सगळे म्हणत होते, भागवतच्या घरच्यांनी नाव राखलं. माझा भाऊ माहेराहून साडी घेऊन आला. ती नेसवून मला ओसरीवर बसवलं. सुलाबाईंनी पाठीवर हात फिरवला. "सुटलीस बाई."

दुपारी झरीची मंडळी सुपारीला यायची होती. भाऊजींनी फोटोवरचा हार काढला आणि फोटो आतल्या खोलीत नेला. समोर नको, शुभकार्य आहे, म्हणाले. बरोबरच आहे. मी त्या मोकळ्या भिंतीकडे बघत होते आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ते गेले. इतके महिने त्यांचं नाव मी रोज घेतलं. वर्गणी चुकवायला घेतलं, आहेर चुकवायला घेतलं, केसातला कापूस लपवायला घेतलं, मुलीचं लग्न अडवायला घेतलं. नुसतं त्यांच्यासाठी म्हणून कधी घेतलंच नाही. त्यांना उन्हाळ्यात रात्रंदिवस पंखा लागायचा. बाजारातून येताना माझ्यासाठी चिवडा आणायचे आणि निम्मा वाटेतच खायचे. हे सगळं एकदम वर आलं. मी तोंडात पदर धरला, तरी आवाज बाहेर फुटला.

प्रियांका धावत आली. माझ्या तोंडावर हात ठेवला, अगदी हळू.

"ताई, आता न्हाई. आता कार्याचं घर हाय. पोरीला अपशकुन."

सृष्टी दारात उभी होती, नवी साडी नेसून. तिने मान वळवली.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि ओसरीवर आले. व्यंकटरावांनी वाकून नमस्कार केला आणि हसत विचारलं, "काय विहीणबाई, खूश ना?"

मी हो म्हटलं.